परीक्षानळीत रोग विसरणारे जीवाणू

टोमॅटोचे किंवा वांग्याचे एखादे झाड सकाळी चांगले टवटवीत असते आणि दुपारी त्याची पाने एकाएकी मान टाकतात. पाने पिवळी पडलेली नसतात, त्यांवर ठिपके नसतात, किडीने कुरतडल्याची खूणही नसते. हिरवीगार पानेच लोंबू लागतात. पाणी कमी पडले असेल असे वाटून शेतकरी पाणी देतो. संध्याकाळी झाड जरा सावरल्यासारखे दिसते; दुसऱ्या दिवशी पुन्हा मान टाकते, आणि थोड्याच दिवसांत वाळून जाते. या रोगाला आपल्याकडे 'मर' म्हणतात.

मर काही वेळा बुरशीमुळे येते, काही वेळा जीवाणूंमुळे. यांपैकी कोणती, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे आणि ती तुम्हांलाही करता येईल. मरू घातलेल्या झाडाच्या खोडाचा, जमिनीलगतचा बोटभर लांबीचा तुकडा धारदार चाकूने कापा. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या आणि तुकड्याचे कापलेले टोक पाण्यात जेमतेम बुडेल असा तो दोऱ्याने टांगून ठेवा. पेल्यामागे काळा कागद धरा आणि पाणी हलू देऊ नका. मर जीवाणूंची असेल तर काही मिनिटांतच कापलेल्या टोकातून दुधासारखे पांढरे धागे पाण्यात सावकाश खाली उतरताना दिसतात. बुरशीच्या मरीत हे धागे दिसत नाहीत. (प्रयोग झाल्यावर पेल्यातले पाणी उकळून मगच फेका, तुकडा जाळा आणि हात साबणाने धुवा. हे पाणी बागेत ओतले तर रोग तुम्हीच पेरल्यासारखे होईल.)

हे पांढरे धागे म्हणजे कोट्यवधी जीवाणू आणि त्यांनी स्वतःभोवती तयार केलेला एक बुळबुळीत, चिकट पदार्थ. या जीवाणूचे नाव राल्स्टोनिया सोलॅनेसिॲरम. तो मातीतून मुळांवाटे झाडात शिरतो, खोडातल्या पाणी वर नेणाऱ्या नलिकांत पोचतो आणि तेथे प्रचंड संख्येने वाढतो. त्याच्या चिकट स्रावाने नलिका चोंदतात. मुळांशी पाणी असूनही ते पानांपर्यंत पोचत नाही. वरून कितीही पाणी घातले तरी झाड का वाचत नाही, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

हाच जीवाणू बटाट्यालाही लागतो. रोगट बटाटा आडवा कापला तर आत तपकिरी कडे दिसते, म्हणून या रोगाला 'बांगडी' असे नाव पडले. आपल्या देशात त्याची नोंद जुनी आहे. पुणे जिल्ह्यातील बटाट्याच्या या रोगाबद्दल १८९२ सालीच लिहिले गेले होते. जीवाणूचे शास्त्रीय वर्णन त्यानंतर चार वर्षांनी, म्हणजे १८९६ साली, अमेरिकेतील अर्विन स्मिथ या शास्त्रज्ञाने केले. जुन्या पुस्तकांत तो स्यूडोमोनस सोलॅनेसिॲरम या नावाने सापडेल. राल्स्टोनिया हे नाव १९९५ सालचे आहे, आणि २०१४ साली या एका जातीच्या तीन जाती करण्यात आल्या. आपल्या लेखाला मात्र एकच नाव पुरे आहे.

नळीतला जीवाणू निरुपद्रवी होतो

रोगाचा अभ्यास करायचा तर रोगजंतू हाताशी असला पाहिजे. त्यासाठी शास्त्रज्ञ रोगट झाडातून जीवाणू वेगळा काढतात आणि परीक्षानळीत आगरच्या पोषक थरावर वाढवतात. आगर म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणारा, पाण्यात शिजवून थंड केल्यावर घट्ट होणारा पदार्थ. त्यात साखर, पेप्टोन वगैरे अन्न मिसळलेले असते. अन्न संपत आले की तारेच्या टोकाने थोडे जीवाणू उचलायचे आणि ताज्या नळीत पसरायचे. अशी बदली दर काही आठवड्यांनी करत राहिले तर जीवाणू वर्षानुवर्षे जिवंत राहतो.

जिवंत राहतो हे खरे. पण तोच राहतो का? मरीच्या जीवाणूवर काम करणाऱ्यांना फार पूर्वीपासून एक विचित्र अनुभव येत होता. शेतातून नुकताच आणलेला जीवाणू टोमॅटोच्या रोपाच्या खोडात टोचला तर रोप थोड्याच दिवसांत मरते. तोच जीवाणू अनेक महिने नळीतून नळीत बदलत ठेवला आणि मग टोचला, तर रोपाला काहीच होत नाही. नळीत तो छान वाढतो, सूक्ष्मदर्शकाखाली आधीसारखाच दिसतो, पण रोग करायचे जणू विसरलेला असतो.

ही नुसती प्रयोगशाळेतली अडचण आहे असे समजू नका. एखादे नवे वाण मरीला दाद देत नाही हे ठरवायचे कसे? त्याला जीवाणू टोचून पाहायचा. आता टोचलेला जीवाणूच नळीत राहून निरुपद्रवी झालेला असेल तर कोणतेही वाण त्या परीक्षेत उत्तीर्ण होईल. बी शेतकऱ्याच्या हाती पडेल, आणि त्याच्या शेतातला जीवाणू काही नळीत राहिलेला नसतो. कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत वांग्याचे पीक घेणाऱ्यांना या मरीचा उपद्रव चांगलाच ठाऊक आहे. त्यांचा वर्षाचा खर्च आणि मेहनत अशा एका चुकीच्या परीक्षेवर अवलंबून असू शकते.

अमेरिकेत उत्तर कॅरोलायना राज्यात ग्रॅनव्हिल नावाचा तंबाखू पिकवणारा परगणा आहे. तेथे या जीवाणूने तंबाखूच्या पिकाची इतकी नासाडी केली की रोगालाच 'ग्रॅनव्हिल मर' असे नाव पडले. १९४५ साली 'ऑक्सफर्ड २६' हे मरीला तोंड देणारे तंबाखूचे वाण तेथे बाहेर आले. याच राज्याच्या विद्यापीठात आर्थर केल्मन हे वनस्पतिरोगतज्ज्ञ या जीवाणूवर काम करत होते. नळीत काय घडते याचा उलगडा बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे झाला.

लाल ठिपके आणि पांढरे ठिपके

केल्मन यांनी १९५४ साली प्रसिद्ध केलेली युक्ती अगदी साधी होती. आगरच्या अन्नात त्यांनी टेट्राझोलियम क्लोराइड नावाचे रसायन अत्यल्प प्रमाणात, लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम, मिसळले. हे रसायन रंगहीन असते. जिवंत पेशींच्या श्वसनक्रियेत त्याचे क्षपण होते, आणि मग त्याचा पाण्यात न विरघळणारा लाल रंग बनतो. जीवाणू भरपूर पाण्यात पातळ करून अशा बशीवर पसरले म्हणजे एकेक जीवाणू वेगळा पडतो, आणि दोन दिवसांत प्रत्येकाची प्रजा एका ठिपक्याच्या रूपाने डोळ्यांना दिसू लागते. अशा ठिपक्याला वसाहत म्हणतात.

ताज्या रोगट झाडातून काढलेल्या जीवाणूंच्या वसाहती पांढऱ्या, ओघळत्या, वेड्यावाकड्या कडांच्या निघाल्या. त्यांच्या मधोमध तेवढा गुलाबी रंग होता. नळीत पुष्कळ दिवस ठेवलेल्या जीवाणूंमध्ये मात्र दुसऱ्याच प्रकारच्या वसाहती मिसळलेल्या होत्या. त्या लहान, गोल, लोण्याच्या कणासारख्या, गडद लाल आणि निळसर बारीक काठाच्या होत्या. दोन्ही प्रकार वेगवेगळे टोचून पाहिल्यावर पांढऱ्यांनी झाडे मारली, लालांनी नाही.

पांढरी वसाहत पांढरी का? तिच्यात तोच चिकट स्राव भरपूर असतो, त्यामुळे पेशी दूर दूर विखुरतात आणि लाल रंग फिका पडतो. लाल वसाहतीत स्राव नसतो, पेशी दाटीने बसतात, म्हणून रंग गडद. पेल्यातल्या पाण्यात जे धागे आपण पाहिले, ते धागे विणण्याची क्षमताच लाल प्रकाराने गमावलेली होती.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली. नळीतले सगळे जीवाणू हळूहळू मवाळ होत जात नाहीत. नळीत दोन प्रकारचे जीवाणू असतात, रोग करणारे आणि न करणारे, आणि त्यांच्या संख्येचे प्रमाण बदलत जाते. म्हणजे जीवाणू रोग 'विसरतो' असे आपण म्हणालो ते बरोबर नाही. विसरत कोणीच नाही. ज्यांना रोग करता येतो ते अल्पसंख्य होत जातात, इतकेच.

थोडे गणित

हे प्रमाण किती लवकर बदलते, याचा हिशेब तुम्ही वहीत करू शकाल. जीवाणू दुभंगून वाढतो. एकाचे दोन, दोनाचे चार, याप्रमाणे दहा पिढ्यांत एकाचे १,०२४ होतात. समजा, आपण दर महिन्याला नळी बदलतो आणि प्रत्येक नळीत मूळ जीवाणूंच्या दहा पिढ्या होतात. हेही समजा, की दहा लाख मूळ जीवाणूंमागे एक जीवाणू बदललेला आहे, आणि मूळ जीवाणूंच्या दहा पिढ्या होतात तेवढ्या वेळात त्याच्या अकरा होतात. फरक किरकोळच म्हणायचा! पण अकरा पिढ्यांत एकाचे २,०४८ होतात, म्हणजे दुप्पट. याचा अर्थ, प्रत्येक नळीगणिक बदललेल्या जीवाणूंचे मूळ जीवाणूंशी असलेले प्रमाण दुप्पट होते.

पहिल्या नळीनंतर दहा लाखांस दोन, मग चार, मग आठ. दहा महिन्यांनंतर साधारण हजारास एक. बशीत शंभर वसाहती वाढवून पाहिल्या तरी त्यांत लाल वसाहत बहुधा दिसणार नाही, आणि संशोधक निर्धास्त राहील. पंधराव्या महिन्यानंतर शंभरास तीन. विसाव्या महिन्यानंतर दोनाचा विसावा घात, म्हणजे १०,४८,५७६. दहा लाखांस दहा लाखांहून थोडे अधिक, म्हणजे जवळजवळ निम्मे निम्मे. तिसाव्या महिन्यानंतर मूळ जीवाणू हजारात एखादा उरतो. पहिल्या वर्षात काहीच न दिसता अडीच वर्षांत नळीतला जीवाणू पार बदलून गेलेला असतो, आणि नळीवरची चिठ्ठी तीच असते.

हे आकडे आपण समजुतीसाठी धरलेले आहेत. प्रत्यक्षात बदल याहून लवकर किंवा उशिरा होतो. शिवाय योगायोगाचाही भाग असतो. तारेच्या टोकावर थोडेच जीवाणू आले तर त्यांत बदललेला एकही नसेल, किंवा नेमका तोच असेल. आणि माणसाचा हातही निवड करतो, हे विसरू नका. बशीतली ओघळलेली, पसरट वसाहत सोडून नीटनेटकी, गोल, सुटी वसाहत उचलण्याचा मोह कोणालाही होतो. या जीवाणूच्या बाबतीत नीटनेटकी वसाहत उचलणे म्हणजे नेमका चुकीचा जीवाणू उचलणे.

पोषक द्रवात, नळी न हलवता, जीवाणू वाढवले तर हा पालट महिन्यांत नव्हे, काही दिवसांतच होतो. याचे कारण केल्मन व त्यांच्या सहकारी ह्रुश्का यांनी १९७३ साली दाखवून दिले. स्थिर द्रवात थोड्याच वेळात तळाकडचा ऑक्सिजन संपतो. तो फक्त पृष्ठभागाशी मिळतो. रोग न करणारे, स्रावहीन जीवाणू शेपटीसारख्या कशाभिकेने झपाट्याने पोहतात आणि ऑक्सिजनच्या दिशेने वर जातात. चिकट स्राव करणारे मूळ जीवाणू बहुतेक न पोहणारे असतात. ते खालीच राहतात व गुदमरतात. पंगतीत आधी जाऊन बसणाऱ्याचे पोट आधी भरते, त्यातलाच हा प्रकार.

एक कळ आणि तिचा खर्च

या दोन प्रकारांत जनुकांचा फरक काय असतो? जीवाणूचे सगळे गुण त्याच्या डीएनएवर चार रासायनिक अक्षरांच्या लिपीत लिहिलेले असतात हे तुम्ही शिकला आहात. राल्स्टोनियाच्या एका वंशाचा संपूर्ण मजकूर २००२ साली वाचून झाला. तो सुमारे ५८ लाख अक्षरांचा आहे आणि त्यात पाच हजारांहून अधिक जनुके आहेत. दुभंगण्यापूर्वी जीवाणू या मजकुराची नक्कल करतो. नक्कल फार काळजीपूर्वक होते, पण क्वचित एखादे अक्षर चुकते, गळते किंवा जास्तीचे पडते. यालाच उत्परिवर्तन म्हणतात. नळीत कोट्यवधी जीवाणू असल्यामुळे कोणत्या ना कोणत्या जीवाणूत प्रत्येक जनुक केव्हातरी बिघडतेच.

मरीच्या जीवाणूत नेमके कोणते जनुक बिघडते, हे जॉर्जिया विद्यापीठातील डेनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखवले. त्या जनुकाचे नाव 'पीएचसीए'. ते स्वतः स्राव बनवत नाही, तर स्राव बनवणाऱ्या आणि रोगाला लागणाऱ्या इतर पुष्कळ जनुकांना चालू करते. घरातल्या विजेच्या मुख्य कळीसारखे त्याचे काम असते.

ही कळ दाबली जाते गर्दी झाली म्हणजे. प्रत्येक जीवाणू एक रसायन थोडे थोडे बाहेर सोडत असतो. जीवाणू विरळ असतील तर ते विरून जाते. मिलिलिटरमध्ये सुमारे एक कोटीच्या वर जीवाणू झाले की रसायन साठते, ते जीवाणूंना जाणवते आणि कळ चालू होते. यात मोठी सोय आहे. जीवाणू नुकताच मुळात शिरलेला असताना त्याला पोहायला हवे, स्राव करत बसून उपयोग नाही. खोडाच्या नलिकेत दाटी झाल्यावर मात्र पोहणे थांबवून स्राव करणे फायद्याचे असते.

आता परीक्षानळीचा विचार करा. तेथे नेहमीच दाटी असते, म्हणून कळ नेहमी चालूच. जीवाणू साखर खातो आणि तिचा बराच भाग स्राव बनवण्यात खर्च करतो. पण नळीत चोंदवायला नलिका कोठे आहेत? सगळा खर्च वाया. अशा वेळी ज्या जीवाणूची कळ मोडली, त्याचा सगळा खर्च एकदम वाचतो. फ्रान्समधील तुलूझ येथील संशोधकांनी २०१६ साली हा जमाखर्च मांडून दाखवला. कळ मोडलेले जीवाणू अधिक वेगाने वाढतात आणि अधिक प्रकारचे अन्नपदार्थ वापरू शकतात, असे त्यांना आढळले.

यातून आणखी एक शंका सुटते. स्रावाचे एखादेच जनुक बिघडण्याऐवजी मुख्य कळच वारंवार का मोडलेली सापडते? एक जनुक बिघडल्याने एकाच गोष्टीचा खर्च वाचतो. कळ मोडल्याने सगळ्यांचा वाचतो आणि पोहणेही चालू राहते. शिवाय मोडायला कौशल्य लागत नाही. घड्याळ बिघडवण्याचे शंभर मार्ग असतात, दुरुस्त करण्याचा एखादाच. बदललेल्या वेगवेगळ्या वंशांत या जनुकातले बिघाड वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात, पण परिणाम एकच होतो.

मग झाडात परत सोडल्यावर जीवाणू पुन्हा तिखट होतो, असे जुनी मंडळी म्हणत, त्याचे काय? ही पद्धत आजही वापरतात. मवाळ झालेला जीवाणू टोमॅटोत टोचायचा आणि रोप सुकले तर त्यातून पुन्हा वेगळा काढायचा. बहुतेक वेळा यात झाड जीवाणूला काहीही शिकवत नाही. नळीत उरलेले थोडे मूळ जीवाणू झाडात वरचढ ठरतात. झाड ही दुसरी नळी आहे, तेथे दुसऱ्या प्रकाराची सरशी होते. मूळ जीवाणू एकही उरला नसेल तर कितीही रोपे टोचली तरी उपयोग होत नाही. मात्र २००३ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी एक गमतीदार अपवाद नोंदवला. काही बदललेल्या वंशांत पीएचसीए जनुकातला एक तुकडा लागोपाठ दोनदा लिहिला गेला होता. असा जास्तीचा तुकडा पुढच्या एखाद्या नकलेत आपोआप गळून पडू शकतो. तसा तो गळलेले जीवाणू काही झाडांतून परत मिळाले, आणि ते पुन्हा रोग करू लागले.

बुरशीचे गळालेले गुणसूत्र

बुरशींची गोष्ट निराळी, पण चाल तीच. फ्युजेरियम या बुरशीवर काम करणाऱ्यांना हा त्रास फार. बटाटा व साखरेच्या सकस आगरावर ती वारंवार वाढवली की वसाहतीत पाचरीसारखे वेगळे भाग दिसू लागतात. काही कापसासारखे पांढरे व बीजाणू न धरणारे, तर काही सपाट व ओलसर. सकस अन्नात हे जास्त होते. म्हणून हे तज्ज्ञ तिला मुद्दाम हलक्या आहारावर, निर्जंतुक केलेल्या कार्नेशनच्या पानांच्या तुकड्यांवर वाढवतात.

बुरशीत कधी अख्खे गुणसूत्रच गळते. वाटाण्याच्या झाडात पिसॅटिन नावाचे बुरशीनाशक द्रव्य तयार होते. वाटाण्यावर रोग करणाऱ्या एका बुरशीत या द्रव्याचा नाश करणारे जनुक एका लहानशा, जादा गुणसूत्रावर असल्याचे अमेरिकेत १९९१ साली सिद्ध झाले. ते गुणसूत्र गमावलेली बुरशी बशीत उत्तम वाढते. वाटाण्यावर मात्र तिची मात्रा चालत नाही. गव्हाच्या पानांवर करपा आणणाऱ्या झायमोसेप्टोरिया बुरशीत २१ गुणसूत्रांपैकी ८ अशी जादा असतात. जर्मनीत २०१८ साली केलेल्या अभ्यासात ती प्रयोगशाळेत अवघे चार आठवडे वाढवली, तेवढ्यात कित्येक वंशांनी एखादे जादा गुणसूत्र गमावले होते. अर्थात प्रत्येक गळलेल्या गुणसूत्राबरोबर रोगकारकता जातेच असे नाही.

अशा एका हानीतून विज्ञानाला मात्र मोठा लाभ झाला. झाडांच्या खोडावर गाठी आणणाऱ्या ॲग्रोबॅक्टेरियम या जीवाणूचा एक वंश ३६ अंश सेल्सिअस तापमानात वाढवला तर त्याची गाठी करण्याची क्षमता कायमची जाते, असे हॅमिल्टन व फॉल यांनी १९७१ साली लिहिले. येथे कारण दीर्घ साठवण नव्हते, उष्णता होती. पण गुण असा एकदम आणि कायमचा जातो, तर तो एखाद्या सुट्या गाठोड्यात असला पाहिजे, असा तर्क निघू लागला. १९७४ साली बेल्जियममधील घेंट येथे ते गाठोडे, म्हणजे डीएनएचे एक मोठे वर्तुळ, सापडले. त्यातला एक भाग जीवाणू झाडाच्या पेशीत सोडतो हे १९७७ साली कळले, आणि झाडात हवे ते जनुक घालण्याचा मार्ग मोकळा झाला. भारतात २००२ साली परवानगी मिळालेल्या आणि विदर्भात सर्वत्र पसरलेल्या बीटी कापसातले जनुकही याच जीवाणूच्या पाठीवर बसून कापसात गेले होते.

उपाशी ठेवावे, थंड ठेवावे, वाळवावे

पालट टाळायचा तर काय करावे? वरच्या गणितातच उत्तर आहे. पिढ्याच होऊ दिल्या नाहीत तर प्रमाण बदलणार नाही. जीवाणूला जिवंत ठेवायचे, पण वाढू द्यायचे नाही.

राल्स्टोनियासाठी यावर निघालेला उपाय ऐकून तुम्हांला नवल वाटेल. पांढऱ्या वसाहतीतले जीवाणू निर्जंतुक केलेल्या शुद्ध पाण्यात कालवायचे, बाटलीचे झाकण घट्ट लावायचे आणि ती खोलीच्या तापमानाला कपाटात ठेवून द्यायची. अन्नाचा कण नाही, तरी जीवाणू वर्षानुवर्षे जिवंत राहतात आणि रोग करण्याची क्षमताही बहुतांशी टिकते. फ्रीजमध्ये ठेवलेले उलट लवकर बिनसतात. हा जीवाणू उष्ण प्रदेशातला, त्याला चार अंशांचा गारठा मानवत नाही. याच्या साठवणीला ना यंत्र लागते, ना वीज. लहान गावातल्या महाविद्यालयालाही हे जमण्यासारखे आहे.

फ्युजेरियम कोरड्या निर्जंतुक मातीत ठेवतात. भातावर करपा आणणारी बुरशी गाळण कागदाच्या तुकड्यांवर वाढवून, कागद वाळवून, गोठवून ठेवतात. मोठ्या संस्थांत जीवाणू ग्लिसरॉल किंवा मलई काढलेल्या दुधात मिसळून उणे ८० अंशांवर, अथवा द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवतात. किंवा गोठवून निर्वातात वाळवतात व काचेच्या कुपीत बंद करतात. यांतही अगदीच धोका नाही असे नाही. गोठताना आणि वाळताना डीएनएला इजा होऊ शकते व बरेच जीवाणू मरतात. जे वाचले ते सर्वसाधारण होते की विशेष कणखर, हा प्रश्न उरतोच.

तांबेऱ्यासारख्या काही बुरशी तर नळीत ठेवण्याच्या नेहमीच्या पद्धतींना दाद देत नाहीत. त्यांना जिवंत झाडच लागते. सिमल्याजवळ फ्लॉवरडेल येथे गव्हाच्या तांबेऱ्याचे अनेक प्रकार म्हणून रोपांवरच जोपासले जातात. तेथे निराळीच दक्षता घ्यावी लागते, एका प्रकारचे बीजाणू उडून दुसऱ्या प्रकारच्या रोपांवर पडू नयेत याची.

अशा संग्रहांत पुण्याचा मोठा वाटा आहे. आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगोपयोगी सूक्ष्मजीवांचा. कुपीवर नुसते नाव लिहून भागत नाही. जीवाणू कोणत्या झाडातून, कोठून, कोणत्या साली घेतला आणि त्यानंतर किती वेळा नळी बदलली, हे सगळे टिपून ठेवावे लागते. एखाद्या जुन्या शोधनिबंधात दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष एकाच वंशाबद्दल परस्परविरुद्ध दिसले, तर कोणाचे चुकले हे विचारण्याआधी त्या वंशाच्या किती बदल्या झाल्या होत्या हे पाहिले पाहिजे. जुन्या निबंधांत ही माहिती क्वचितच दिलेली असते.

वाणांच्या परीक्षेत यासाठी एक साधी खबरदारी घेतात. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्क रक्षक' हा टोमॅटो जीवाणूजन्य मरीलाही तोंड देतो. अशा वाणाची कसोटी घेताना वाफ्यात त्याच्या शेजारीच मरीला हमखास बळी पडणारे एखादे वाण लावतात आणि दोघांनाही एकाच बाटलीतला जीवाणू टोचतात. टोचण्यापूर्वी थोडे जीवाणू टेट्राझोलियमच्या बशीवर पसरून लाल वसाहती किती निघतात तेही मोजतात. मग रोज वाफ्यात जाऊन कोणत्या ओळीतली किती रोपे सुकली याची नोंद होते. बळी पडणाऱ्या वाणाची रोपे सुकून गेली आणि शेजारची ओळ हिरवी राहिली तर निकाल ग्राह्य धरतात. दोन्ही ओळी हिरव्या राहिल्या तर ती संपूर्ण चाचणी रद्द करून नव्या बाटलीने पुन्हा घेतात.